अवटु ग्रंथीची सौम्य न्यूनता आणि रक्तातील लिपिडे

रक्तातील कोलेस्टेरॉलचे मापन आज मुख्यतः हृदयविकाराच्या संदर्भात केले जाते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मात्र चिकित्सक याच मापनाकडे एका निराळ्या हेतूने वळत असत. रोग्याची अवटु ग्रंथी, म्हणजेच नित्याच्या बोलण्यातील थायरॉइड, मंदावली आहे काय हे ठरविण्याची त्या काळी दोनच बऱ्यापैकी साधने हाताशी होती : एक, विश्रांतीच्या अवस्थेतील चयापचयाचे मान आणि दुसरे, रक्तातील कोलेस्टेरॉल. पैकी पहिले साधन लहरी होते. त्यासाठी रोगी उपाशी, निश्चल आणि निश्चिंत असावा लागे. आणि तोंडात नळी धरून श्वास मोजून घेणारा मनुष्य निश्चिंत राहणे अवघडच. एप्स्टाइन आणि लांडे यांनी १९२२ मध्ये चयापचयाचे मान व कोलेस्टेरॉल यांचे प्रमाण व्यस्त असते असे दाखविले. पुढे १९३० मध्ये मेसन, हंट आणि हर्क्सथॉल यांनी अवटु ग्रंथीच्या रोग्यांतील कोलेस्टेरॉलचे आकडे प्रसिद्ध केले. ग्रंथी अतिक्रियाशील असता कोलेस्टेरॉल उतरते व न्यूनक्रिय असता चढते, ही गोष्ट त्यानंतर पाठ्यपुस्तकांत स्थिरावली.

पण निदानाचे साधन म्हणून कोलेस्टेरॉल फार काळ टिकले नाही, आणि ते टिकू नये हेच योग्य होते. कोलेस्टेरॉल वाढण्याची कारणे अनेक. त्यांतून अवटुन्यूनता वेगळी काढणे केवळ त्या एका आकड्यावरून शक्य नव्हते. प्रथम प्रथिनबद्ध आयोडिनाचे मापन आले, त्यानंतर १९६५ च्या सुमारास मानवी अवटु-उद्दीपक हॉर्मोन (टी. एस. एच.) किरणोत्सर्गी प्रतिरक्षामापनाने मोजता येऊ लागले, आणि कोलेस्टेरॉलचे हे जुने काम संपले. आज क्रम पुरता उलटला आहे. कोलेस्टेरॉल आधी वाढलेले आढळते, आणि मग अवटु ग्रंथीची चौकशी होते. पुष्कळदा ती होतही नाही. बेचाळीस वर्षांच्या एखाद्या स्त्रीचे कोलेस्टेरॉल दर १०० मिलिलिटरमागे २६८ मिलिग्रॅम आढळले, तर तिला आजन्म स्टॅटिन घ्यावयास सांगावे की प्रथम तिच्या ग्रंथीकडे पाहावे? उलटपक्षी, चौऱ्याहत्तर वर्षांच्या गृहस्थाचे टी. एस. एच. किंचित वाढलेले दिसले म्हणून त्याच्या हृद्‌रोहिण्यांच्या काळजीपोटी त्याला थायरॉक्सिन द्यावे काय? ही दोन्ही माणसे येथे कल्पिलेली आहेत. पण असे प्रश्न कोणत्याही बाह्यरुग्ण विभागात उभे राहतात, आणि दोहोंची उत्तरे एकच नाहीत.

अवटुन्यूनतेच्या तीव्र स्वरूपाची ओळख जुनी आहे. विल्यम गल यांनी प्रौढ स्त्रियांत उद्भवणाऱ्या या अवस्थेचे वर्णन १८७३ मध्ये केले आणि ऑर्ड यांनी १८७८ मध्ये तिला मिक्सिडीमा, म्हणजे श्लेष्मशोफ, हे नाव दिले. न्यूकॅसल येथे जॉर्ज मरे यांनी १८९१ मध्ये मेंढीच्या अवटु ग्रंथीचा अर्क टोचून अशा एका स्त्रीवर उपचार केले; ती त्यानंतर अठ्ठावीस वर्षे जगली. त्या काळचा रोग डोळ्यांना दिसत असे : सुजलेला चेहरा, जड आवाज, कोरडी त्वचा, मंद हालचाली. प्रस्तुत विवेचनाचा विषय असलेली सौम्य न्यूनता मात्र डोळ्यांना दिसत नाही. ती मुख्यतः प्रयोगशाळेच्या कागदावर दिसते, आणि म्हणूनच तिच्या अस्तित्वाविषयी व महत्त्वाविषयी इतका वाद आहे. तिच्या अभ्यासातही न्यूकॅसलचे नाव पुन्हा येते, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. अवटुन्यूनतेच्या पायऱ्या कल्पून त्यांची मांडणी करणारा एव्हरेड व सहकाऱ्यांचा १९७३ चा निबंध तेथील, आणि १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेली व्हिकहॅमची पाहणी त्याच परिसरातील. या पाहणीत २,७७९ प्रौढांपैकी स्त्रियांत ७.५ टक्के व पुरुषांत २.८ टक्के इतक्या जणांचे टी. एस. एच. दर लिटरला ६ मिलियुनिटांहून अधिक आढळले.

सौम्य न्यूनतेची व्याख्या अशी केली जाते : रक्तातील मुक्त थायरॉक्सिन निरोगी लोकांसाठी ठरविलेल्या मर्यादेत आहे, परंतु टी. एस. एच. वरच्या मर्यादेपलीकडे, म्हणजे साधारणतः ४ ते ४.५ मिलियुनिटांच्या पुढे गेले आहे. ही व्याख्या प्रथमदर्शनी विसंगत वाटते. थायरॉक्सिन पुरेसे असेल तर न्यूनता कशाची? याचे उत्तर मस्तिष्काच्या तळाशी असणाऱ्या पोष ग्रंथीच्या वर्तनात आहे. पोष ग्रंथी रक्तातील थायरॉक्सिनावर सतत नजर ठेवते, आणि थायरॉक्सिन किंचित घटले तरी टी. एस. एच.चा स्राव कितीतरी पटींनी वाढवते. दोहोंचा संबंध सरळ रेषेतला नसून लॉगॅरिथमी आहे. दुसरे असे, की ‘निरोगी लोकांची मर्यादा’ ही समाजाची मर्यादा आहे, व्यक्तीची नव्हे. अँडरसन आणि त्यांच्या डॅनिश सहकाऱ्यांनी सोळा निरोगी पुरुषांचे रक्त वर्षभर दर महिन्यास तपासले व आपले निष्कर्ष २००२ मध्ये मांडले. प्रत्येक पुरुषाचे थायरॉक्सिन त्याच्या स्वतःच्या एका अरुंद पट्ट्यात राहत होते, आणि त्या पट्ट्याची रुंदी समाजाच्या मर्यादेच्या सुमारे निम्मी होती. याचा अर्थ असा, की ज्याचे स्वाभाविक थायरॉक्सिन मर्यादेच्या वरच्या भागात असते, त्याचे ते मध्यावर उतरले तरी कागदावर ‘प्राकृत’ असेच लिहिले जाईल. पोष ग्रंथी मात्र त्या माणसाची खरी पातळी जाणत असल्याने टी. एस. एच. वाढवील. तेव्हा सौम्य न्यूनता ही पुष्कळ उदाहरणांत खरीखुरी न्यूनताच असते. ती यकृताला जाणवते की नाही, हा पुढचा प्रश्न.

अवटु हॉर्मोनाच्या अभावी कोलेस्टेरॉल का वाढावे, याचा उलगडा होण्यास बराच काळ लागला. कारण उपलब्ध पुरावा उलट दिशेने बोट दाखवीत होता. यकृतात कोलेस्टेरॉल तयार करणाऱ्या साखळीतील नियंत्रक एंझाइम, एच. एम. जी. सीओए रिडक्टेज, हे अवटु हॉर्मोनामुळे अधिक सक्रिय होते. म्हणजे हॉर्मोन घटले की कोलेस्टेरॉलची निर्मितीही घटते. मग रक्तातील कोलेस्टेरॉल चढते कसे? येथे हौदाचा दाखला उपयोगी पडतो. हौदात पडणारी धार बारीक झाली तरी मोरी त्याहून अधिक तुंबली, तर पाण्याची पातळी चढणारच. अवटुन्यूनतेत नेमके हेच घडते. निर्मिती कमी होते, पण निचरा त्याहून अधिक कमी होतो.

हा निचरा प्रत्यक्ष मोजण्याचे श्रेय वॉल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना द्यावे लागेल. रक्तातील बहुतेक कोलेस्टेरॉल कमी घनतेच्या लिपोप्रथिनांत (एल. डी. एल.) वाहिले जाते. वॉल्टन यांनी किरणोत्सर्गी आयोडिनाची खूण केलेले एल. डी. एल. रोग्यांना टोचून ते किती वेगाने नाहीसे होते हे पाहिले. अवटुन्यूनतेत ते संथ गतीने नाहीसे होत होते आणि अतिक्रियेत झपाट्याने. हे १९६५ मध्ये प्रसिद्ध झाले. पण ते नाहीसे होते म्हणजे कोठे व कसे जाते, याची कल्पना तेव्हा कोणालाच नव्हती. ती १९७३-७४ मध्ये गोल्डस्टाइन आणि ब्राउन यांनी दिली. पेशींच्या पृष्ठभागावर एल. डी. एल.ला धरून आत घेणारे ग्राही असतात, आणि कौटुंबिक कोलेस्टेरॉलवृद्धीत हे ग्राहीच सदोष असतात, असे त्यांनी सिद्ध केले; १९८५ चे नोबेल पारितोषिक त्यांना या संशोधनासाठी मिळाले.

आता दोन्ही धागे जुळविणे बाकी होते. ते काम १९८१ मध्ये लंडन येथे टॉम्पसन व त्यांच्या गटाने मोठ्या कल्पकतेने केले. त्यांनी एल. डी. एल.चे दोन नमुने वापरले : एक मूळ स्वरूपातील, आणि दुसरा रासायनिक क्रियेने असा बदललेला की ग्राहींना तो ओळखता येऊ नये. दोहोंच्या निचऱ्यातील फरक म्हणजे ग्राहींनी केलेले काम. जन्मजात ग्राहीहीन रोग्यांत हा फरक जवळजवळ उरत नव्हता. अवटुन्यूनतेतही ग्राहींमार्फत होणारा निचरा खालावलेला आढळला, आणि थायरॉक्सिन दिल्यावर तो सुधारला. म्हणजे निचऱ्यापुरते बोलावयाचे तर अवटुन्यूनता ही कौटुंबिक कोलेस्टेरॉलवृद्धीची एक परतवता येण्याजोगी प्रतिकृती ठरते.

पेशीच्या आत काय घडते याचीही आता बरीच माहिती आहे. थायरॉक्सिनापासून बनणारे ट्राय-आयोडोथायरोनीन हे क्रियाशील हॉर्मोन यकृतपेशीच्या केंद्रकातील ‘बीटा’ प्रकारच्या ग्राहीला बांधले जाते आणि एल. डी. एल.-ग्राहीच्या जनुकाचे वाचन वाढविते. हे ते काही अंशी स्वतः आणि काही अंशी एस. आर. ई. बी. पी.-२ या नियामक प्रथिनाच्या द्वारे करते. कोलेस्टेरॉलाचे पित्ताम्लांत रूपांतर करणाऱ्या एंझाइमावरही हॉर्मोनाचा परिणाम होतो असे उंदरांवरील प्रयोगांत ठळकपणे दिसते. परंतु मनुष्याचे तेच जनुक उंदराच्या जनुकाप्रमाणे वागत नाही. उंदरावरील निष्कर्ष मनुष्याला जसेच्या तसे लावण्याचा मोह या विषयात वारंवार झालेला आहे, एवढे येथे नमूद करून पुढे जावे. ट्रायग्लिसराइडे मोडणारे लिपोप्रथिन-लायपेज हे एंझाइम न्यूनतेत मंदावते, त्यामुळे काही रोग्यांत ट्रायग्लिसराइडेही चढतात. अधिक घनतेचे लिपोप्रथिन (एच. डी. एल.) मात्र उतरत नाही, तीव्र न्यूनतेत ते उलट थोडे वाढूही शकते, कारण त्याचे रूपांतर घडविणारी प्रथिनेही मंदावलेली असतात. त्यावरून रोग्याने समाधान मानू नये. हे एच. डी. एल. साचलेले असते.

याखेरीज एक नवा मुद्दा २०१० नंतर पुढे आला आहे. यकृतपेशींवर टी. एस. एच.चेही ग्राही असतात आणि वाढलेले टी. एस. एच. तेथे थेट कोलेस्टेरॉलनिर्मिती वाढवू शकते, असे काही प्रयोगांवरून सांगितले जाते. तसे असेल तर सौम्य न्यूनतेत, जेथे थायरॉक्सिन फारसे घटलेले नसते पण टी. एस. एच. चढलेले असते, हा मार्ग महत्त्वाचा ठरेल. मात्र त्याचा आधार मुख्यतः प्राण्यांवरील व पेशीसंवर्धनातील प्रयोगांचा आहे, आणि उंदरांविषयी वर दिलेला इशारा येथेही लागू पडतो.

यंत्रणा अशी निर्विवाद असूनही सौम्य न्यूनतेत कोलेस्टेरॉल प्रत्यक्षात किती वाढते, या साध्या प्रश्नाचे उत्तर एकमुखी नाही. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात १९९५ मध्ये आरोग्यमेळ्यांना आलेल्या २५,८६२ लोकांची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २००० मध्ये प्रसिद्ध झाले. ग्रंथी प्राकृत असलेल्यांचे सरासरी कोलेस्टेरॉल २१६ मिलिग्रॅम, तर सौम्य न्यूनता असलेल्यांचे २२४. टी. एस. एच. जसजसे चढते तसतसे कोलेस्टेरॉल पायरीपायरीने वाढत जाते, हेही त्या आकड्यांत स्पष्ट दिसते. नॉर्वेतील ३०,६५६ जणांच्या २००७ सालच्या अभ्यासाने तर असे दाखविले की, हा चढ प्राकृत मर्यादेच्या आतही चालू असतो. म्हणजे आपण आखलेली ४.५ ची रेषा यकृताच्या खिजगणतीत नाही. उलट, अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य-पोषण पाहणीतील आकड्यांचे विश्लेषण २००४ मध्ये झाले, तेव्हा सौम्य न्यूनतेत कोलेस्टेरॉल प्रथम अधिक आढळले खरे, पण वय, लिंग, वंश आणि लिपिडे उतरविणारी औषधे यांचा हिशेब वजा करताच तो फरक नाहीसा झाला.

हा विरोध वाटतो तेवढा खरा नाही. वय वाढते तसे टी. एस. एच. वाढते आणि कोलेस्टेरॉलही वाढते; तेव्हा वयाची वजावट केल्यावर फरक आकुंचित होणे स्वाभाविक आहे. शिवाय ‘सौम्य न्यूनता’ या एका नावाखाली टी. एस. एच. ५ असलेला मनुष्य आणि १५ असलेला मनुष्य हे दोघेही मोडतात, आणि पहिल्या प्रकारचे लोक दुसऱ्या प्रकारच्यांपेक्षा संख्येने फार अधिक असतात. सरासरी काढली की बहुसंख्यांचा किरकोळ फरक अल्पसंख्यांच्या मोठ्या फरकाला गिळून टाकतो. आठ मिलिग्रॅमची सरासरी वाढ म्हणजे प्रत्येकाची आठ मिलिग्रॅम वाढ नव्हे, हे आकडेशास्त्राचे बाळबोध तत्त्व आहे. तथापि या विषयावरील कित्येक निबंधांचे उपसंहार ते विसरून लिहिले गेले आहेत.

कार्यकारणभाव तपासण्याचा अधिक भक्कम मार्ग म्हणजे उपचार करून पाहणे. न्यूनतेमुळे कोलेस्टेरॉल वाढले असेल तर न्यूनता भरून काढताच ते उतरले पाहिजे. डानीज व सहकाऱ्यांनी २००० मध्ये अशा तेरा अभ्यासांची, एकूण २४७ रोग्यांची, एकत्र छाननी केली. थायरॉक्सिनामुळे एकूण कोलेस्टेरॉल सरासरीने ७.९ आणि एल. डी. एल. १० मिलिग्रॅम उतरले, एच. डी. एल. व ट्रायग्लिसराइडे यांत लक्षणीय बदल झाला नाही. ज्यांचे मूळचे कोलेस्टेरॉल अधिक, त्यांच्यातील घटही अधिक होती. बाझेल येथे ६६ स्त्रियांवर झालेल्या यादृच्छिक परीक्षणात (२००१) एल. डी. एल. ८.२ टक्क्यांनी घटले, आणि टी. एस. एच. १२ च्या वर असलेल्या स्त्रियांत परिणाम अधिक ठळक होता. पुन्हा एकदा न्यूकॅसलचेच नाव घ्यावे लागते : रझवी यांनी १०० रोग्यांना प्रत्येकी बारा आठवडे थायरॉक्सिन व बारा आठवडे निष्क्रिय गोळी आलटून पालटून दिली (२००७), त्यांत एकूण कोलेस्टेरॉल सुमारे २३२ वरून २२० वर आणि एल. डी. एल. १४३ वरून १३१ वर आले. तेव्हा परिणाम आहे, तो खरा आहे, पण लहान आहे. स्टॅटिन गटातील औषधे एल. डी. एल. तीस ते पन्नास टक्क्यांनी उतरवितात. त्यांच्याशी तुलना केली असता थायरॉक्सिनाला कोलेस्टेरॉलचे औषध म्हणणे धाडसाचे ठरेल.

तसे धाडस एकदा झालेले आहे, आणि त्याची कथा या विषयाच्या अभ्यासकाने अवश्य जाणून घ्यावी. अवटु हॉर्मोन कोलेस्टेरॉल उतरविते, तर ज्यांची ग्रंथी निरोगी आहे अशा हृद्रोग्यांनाही ते का देऊ नये, असा विचार विसाव्या शतकाच्या मध्यास बळावला. नेहमीच्या थायरॉक्सिनाने हृदयाचे ठोके वाढतात, म्हणून त्याचे आरशातील प्रतिबिंबासारखे रूप, डेक्स्ट्रो-थायरॉक्सिन, निवडण्यात आले. ते यकृतावर क्रिया करील आणि हृदयाला फारसे छेडणार नाही अशी आशा होती. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ८,३४१ पुरुषांवर अमेरिकेत १९६६ पासून जे मोठे परीक्षण झाले, त्याच्या एका शाखेत हे औषध होते. कोलेस्टेरॉल अपेक्षेप्रमाणे उतरले. परंतु औषध घेणाऱ्यांत मृत्यू अधिक होत आहेत असे दिसल्याने ती शाखा मुदतीपूर्वीच बंद करावी लागली. हे निष्कर्ष १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले. वापरलेल्या औषधात नेहमीच्या थायरॉक्सिनाची भेसळ होती, असेही नंतर निदर्शनास आले. एखादा आकडा सुधारणे आणि रोगी सुधारणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे इतक्या स्वच्छपणे दाखविणारी उदाहरणे वैद्यकात थोडी आहेत.

अपयशाचे शरीरक्रियाशास्त्रीय कारण पुढे समजले. हृदयातील अवटु हॉर्मोनाचे ग्राही प्रामुख्याने ‘आल्फा’ प्रकारचे असतात, यकृतातील ‘बीटा’ प्रकारचे. त्यामुळे केवळ बीटा-ग्राहीला चेतविणारे रेणू शोधण्याचे प्रयत्न सुरू झाले. त्यांपैकी एप्रोटिरोम या औषधाचे परीक्षण २०१२ मध्ये थांबवावे लागले. कुत्र्यांवरील प्रयोगांत त्याने कूर्चेला इजा होते असे आढळले होते. दुसरे, रेस्मेटिरोम, मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता पावले, तेही कोलेस्टेरॉलसाठी नव्हे, तर यकृतात मेद साचून होणाऱ्या दाह व तंतुमयतेसाठी. ते घेणाऱ्यांचे एल. डी. एल. १४ ते १६ टक्क्यांच्या आसपास उतरते. १९२२ मध्ये ज्या संबंधाची नोंद झाली, त्यातून शंभर वर्षांनी एक औषध निघाले, आणि तेही शेजारच्याच रोगावर.

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे सौम्य न्यूनतेमुळे रोहिणीविलेपी विकार व हृद्रोग खरोखर वाढतो काय, याकडे वळावे. रोडोंडी व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये अकरा दीर्घकालीन अभ्यासांतील ५५,२८७ व्यक्तींची मूळ माहिती एकत्र केली. त्यांत ३,४५० जणांना सौम्य न्यूनता होती. सर्वांना एका गटात न टाकता टी. एस. एच.च्या पायऱ्या पाडल्या, हे या कामाचे वैशिष्ट्य. हृद्‌रोहिणीविकाराचा सापेक्ष धोका ४.५ ते ६.९ या पायरीवर १.००, म्हणजे मुळीच वाढलेला नाही. ७ ते ९.९ या पायरीवर १.१७, आणि १० ते १९.९ या पायरीवर १.८९. कोलोरॅडोतील लिपिडांची चढण आणि ही चढण एकाच दिशेने जातात. तथापि हा सर्व वाढीव धोका लिपिडांच्याच माथी मारणे योग्य नव्हे. अवटुन्यूनतेत रक्तदाब, रोहिण्यांच्या भित्तींचा लवचीकपणा व हृदयाचे प्रसरण यांवरही परिणाम होतो.

उपचाराने हा धोका कमी होतो काय? ब्रिटनमधील वैद्यकीय नोंदींवर आधारलेल्या २०१२ च्या अभ्यासात ४० ते ७० वर्षांच्या रोग्यांपैकी थायरॉक्सिन घेणाऱ्यांत हृद्रोगाच्या घटना कमी आढळल्या (सापेक्ष धोका ०.६१); सत्तरीपुढील रोग्यांत असा लाभ दिसला नाही. हा नोंदींचा अभ्यास आहे, परीक्षण नव्हे. ज्यांना औषध दिले गेले ते मुळातच निराळे असू शकतात. यादृच्छिक परीक्षण झाले ते वृद्धांत. ‘ट्रस्ट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या २०१७ च्या परीक्षणात ६५ वर्षे वा अधिक वयाचे ७३७ जण होते. थायरॉक्सिनाने त्यांचे टी. एस. एच. उतरले, पण थकवा वा अन्य लक्षणे यांत काहीही फरक पडला नाही. हृदयविकाराच्या घटनांविषयी निर्णय देण्याइतकी संख्या त्यात नव्हती. शिवाय वृद्धांत टी. एस. एच.ची स्वाभाविक पातळीच वर सरकते. ऐंशीपुढील निरोगी माणसांत ७ चा आकडाही अस्वाभाविक म्हणता येत नाही. म्हणून तो चौऱ्याहत्तर वर्षांचा गृहस्थ, त्याचे टी. एस. एच. ६ च्या घरात असेल तर, बहुधा रोगी नसून केवळ वृद्ध आहे. आणि त्याला दिलेल्या अनावश्यक थायरॉक्सिनाची मात्रा थोडी जास्त झाली तर अनियमित ठोके व हाडांची झीज यांचे संकट मात्र खरे आहे.

याच पुराव्यावरून तज्ज्ञमंडळांनी भिन्न निर्णय काढले आहेत. युरोपीय अवटु संघाच्या २०१३ च्या सूचनांनुसार सत्तरीच्या आतील रोग्याचे टी. एस. एच. १० च्या वर टिकून असेल तर उपचार करावेत. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या शिफारशीने उलट बहुतेक प्रौढांना थायरॉक्सिन देऊ नये असे निक्षून सांगितले. गर्भधारणेची इच्छा असलेल्या स्त्रिया, टी. एस. एच. २० च्या वर असलेले रोगी, तीव्र लक्षणे असलेले आणि अगदी तरुण यांना तिने वगळले. दुसऱ्या शिफारशीचा आधार मुख्यतः वयस्क रोग्यांवरील, टी. एस. एच. १० च्या आत असलेल्या लोकांवरील परीक्षणांचा आहे, हे ध्यानात घेतल्यास बेचाळीस वर्षांच्या आणि टी. एस. एच. १४ असलेल्या स्त्रीला ती लागू करण्यापूर्वी थांबून विचार करावयास हवा.

आपल्याकडे हा प्रश्न किती जणांचा आहे याचा अंदाज २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठ शहरांच्या पाहणीवरून येतो. मुंबई, गोवा, दिल्ली, अहमदाबाद, बंगळूर, चेन्नई, हैदराबाद व कोलकाता येथील ५,३७६ प्रौढांत अवटुन्यूनतेचे प्रमाण १०.९५ टक्के आणि सौम्य न्यूनतेचे ८.०२ टक्के आढळले. शंभरांत आठ हे प्रमाण लहान नव्हे. परंतु एका चाचणीवर सौम्य न्यूनतेचा शिक्का मारणे योग्य नाही. टी. एस. एच. दिवसाच्या वेळेनुसार बदलते, दुसऱ्या एखाद्या आजारातून उठताना तात्पुरते वाढते, स्थूल व्यक्तींत थोडे वर असते. इस्रायलमधील एका मोठ्या पाहणीत प्रथम ५.५ ते १० या दरम्यान आढळलेले टी. एस. एच. पुढील पाच वर्षांत ६२ टक्के लोकांत औषधाविना प्राकृत मर्यादेत परतले होते. म्हणून दोन-तीन महिन्यांनी चाचणी पुन्हा करावी आणि सोबत अवटु-विरोधी प्रतिपिंडे पाहावीत. व्हिकहॅमच्या लोकांचा वीस वर्षांनी पुन्हा मागोवा घेतला असता टी. एस. एच. वाढलेले व प्रतिपिंडेही असलेल्या स्त्रियांत दरसाल ४.३ टक्के इतक्या जणींत उघड न्यूनता उद्भवली होती, केवळ टी. एस. एच. वाढलेल्यांत हे प्रमाण २.६ टक्के होते.

कोलेस्टेरॉल वाढलेल्या रोग्याला स्टॅटिन देण्यापूर्वी टी. एस. एच. मोजावे, ही सूचना अमेरिकेच्या राष्ट्रीय कोलेस्टेरॉल कार्यक्रमाच्या २००१ च्या अहवालात अवटुन्यूनतेला दुय्यम कारणांत गणून अंतर्भूत झालेली आहे. तिच्यामागे काटकसरीखेरीज आणखी एक कारण आहे. न्यूनतेत स्नायू आधीच दुखावलेले असतात, रक्तातील क्रिएटिन कायनेज चढलेले असते. अशा रोग्याला स्टॅटिन दिले की स्नायुविकाराचा धोका वाढतो, आणि मग दोष औषधाला दिला जातो. त्या स्त्रीच्या बाबतीत टी. एस. एच. दुसऱ्यांदाही १४ आढळले, तर प्रथम थायरॉक्सिन सुरू करणे युक्त ठरेल. मात्रा बदलल्यावर टी. एस. एच. स्थिरावण्यास सहा ते आठ आठवडे लागतात. त्यापूर्वी केलेल्या लिपिडांच्या मोजणीवरून काहीच ठरविता येत नाही. टी. एस. एच. मर्यादेत आल्यावर तिचे कोलेस्टेरॉल २६८ वरून २४० च्या खाली उतरले, तर स्टॅटिनाचा प्रश्न तिचे वय, रक्तदाब, मधुमेह व कौटुंबिक इतिहास पाहून स्वतंत्रपणे विचारात घेता येईल. ते २६० वरच घुटमळत राहिले, तर ग्रंथीचा त्यातील वाटा लहान होता असे समजावे, आणि तिच्या भावंडांचे व मुलांचे कोलेस्टेरॉलही तपासून पाहावे.